क्रोसिन, पॅनाडोल आणि नातवाचे कार्ड

ताप आला की मुंबईत आपण क्रोसिन घेत असू. इस्राएलला आल्यावर कुपत होलीमच्या डॉक्टरने अकामोल लिहून दिली, आणि सौदी अरबस्तानात राहणारी माझी मैत्रीण त्याच तापाला पॅनाडोल घेते. तीन देश, तीन नावे, तीन रंगांची खोकी, पण आतले औषध एकच, पॅरासिटामॉल. जन्मभर परिचारिकेचे काम केल्यामुळे मला खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा खालची बारीक अक्षरे आधी वाचण्याची सवय आहे. ही सवय या वयात संगणकाच्या बाजारात उपयोगी पडेल असे मात्र वाटले नव्हते.

माझी ही मैत्रीण माझगावची. आपल्या समाजाने १८७५ साली काढलेल्या आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या शाळेत आम्ही एका बाकावर बसून मराठीतून शिकलो. ती कोकणी मुसलमान, तिचे वडील गोदीत कामाला. शाळा सुटल्यावर मी इस्राएलला आले आणि ती लग्न होऊन जेद्द्याला गेली. आमच्या दोन देशांत राजनैतिक संबंध नाहीत, पण मोबाईलवरचा आवाजी निरोप इकडून तिकडे जातो, आणि तो शुद्ध माझगावच्या मराठीत असतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या पावसाळ्यानंतर, तिचा निरोप आला. "अगो, तुझा नातू संगणकातला जाणता आहे ना? आमच्या पोराला ग्राफिक्स कार्ड पाहिजे. तो म्हणतो हिरवं, त्याचा बाप म्हणतो लाल. घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नाही. तू विचार गं त्याला."

माझा नातू सतरा वर्षांचा, पुढच्या वर्षी सैन्यात जाणार. त्याला मराठी चार शब्दांपलीकडे येत नाही आणि तिच्या नातवाला हिब्रू येणे शक्यच नाही. दोघे इंग्रजीत बोलू शकले असते, पण लाजले. तेव्हा सावता आणि नानी अशा दोन म्हाताऱ्यांनी हा व्यवहार मराठीत चालवला.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र रंगवणारा स्वतंत्र भाग. खेळात माणसे धावतात, पाणी हलते, सावल्या पडतात, त्याचे हिशेब सेकंदाला कित्येक वेळा करावे लागतात. ते काम हे कार्ड करते. त्यातली मुख्य चिप आज तीन कंपन्या देतात. हिरव्या खुणेची एनव्हिडिया १९९३ मध्ये निघाली. लाल खुणेच्या ए.एम.डी.ने कॅनडाची ए.टी.आय. ही जुनी कंपनी २००६ मध्ये विकत घेऊन या धंद्यात पाऊल टाकले. निळ्या खुणेची इंटेल आपल्याला हैफा आणि किर्यात गातमुळे ओळखीची. तिची खेळासाठीची नवी कार्डे २०२२ पासून बाजारात आली.

नातवाने मला पहिली गोष्ट सांगितली ती ऐकून मी हसले. चिप करणारा वेगळा आणि कार्ड बांधून विकणारा वेगळा. असूस, गिगाबाइट या तैवानच्या कंपन्या हिरवी आणि लाल दोन्ही कार्डे बांधतात. शिवाय तिन्ही कंपन्यांच्या सध्याच्या या चिपा प्रत्यक्षात तैवानच्या एकाच मोठ्या कारखान्यात, टी.एस.एम.सी.मध्ये, तयार होतात. आराखडा ज्याचा त्याचा, भट्टी एक. म्हणजे ज्या रंगावरून जेद्द्यात बापलेक रुसले होते, ते दोन्ही रंग एकाच गावातून आलेले!

दुसरी गोष्ट परिचारिकेला लगेच समजणारी होती. एकाच नावाचे कार्ड दोन मात्रांमध्ये मिळते. एनव्हिडियाचे आर.टी.एक्स. ५०६० टी.आय. एप्रिल २०२५ मध्ये आले, आणि ए.एम.डी.चे आर.एक्स. ९०६० एक्स.टी. जूनमध्ये. दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी स्मृतीत मिळतात, आणि नाव तेच. नव्या खेळांना ८ जीबी अपुरी पडू लागली आहे, तेव्हा दोन-चार वर्षे टिकवायचे असेल तर १६ घ्यावे. मी मैत्रिणीला म्हटले, अडीचशेची गोळी आणि पाचशेची गोळी एकाच नावाने मिळते ना, तसेच हे. खोक्यावरचा आकडा बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आता पैशाचे पाहू. १६ जीबीच्या कार्डांची जाहीर किंमत एनव्हिडियाची ४२९ डॉलर आणि ए.एम.डी.ची ३४९ डॉलर. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला पावणेचार या दराने बांधलेला आहे, आणि २०२० च्या जुलैपासून तेथे विक्रीवर १५ टक्के कर आहे. हिशेब केला तर हिरवे सुमारे १८५० रियाल आणि लाल सुमारे १५०५. इंटेलचे बी ५८० हे १२ जीबीचे कार्ड २४९ डॉलरचे, म्हणजे साधारण १०७५ रियाल. दुकानात भाव कमीजास्त होतात, पण अंतर कळायला एवढे पुरे.

हा हिशेब कळवल्यावर मैत्रीण थोडा वेळ गप्प होती. मग तिने जे सांगितले ते आपल्या वाचकांनी ऐकण्यासारखे आहे. सौदीत २०१७ पासून परदेशी कामगाराला आपल्याबरोबर राहणाऱ्या बायकोमुलांसाठी माणशी दरमहा शुल्क भरावे लागते. सुरुवातीला ते १०० रियाल होते, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ४०० झाले. तिच्या मुलाची बायको आणि तीन मुले मिळून महिन्याला १६०० रियाल, नुसते एकत्र राहण्याचे. "कार्डाच्या किमतीत आम्ही एक महिना एका घरात राहतो," असे ती म्हणाली.

आपण इस्राएलला आलो तेव्हा तंबूसारखी घरे, परकी भाषा, न जमणारे जेवण, सगळे सोसले, आणि त्याच्या कहाण्या या पानांवर आपण पुष्कळ वाचल्या. पण विमानातून उतरताच आपल्याला येथले म्हणून धरले गेले. माझ्या मैत्रिणीच्या घरची तिसरी पिढी जेद्द्यात आहे आणि तिला तेथले नागरिकत्व नाही. नोकरी संपली की परवाना संपतो. बारावी झाली की तिच्या नातवाला शिकायला मुंबईकडे जावे लागेल, हे आताच ठरलेले आहे.

तेव्हा बापाची काटकसर ही कंजूषी नव्हती. आणि मुलाचा हट्टही पोरकट नव्हता. तो खेळतो हे खरे, पण त्याला ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर छोटे चित्रपट करायचे आहेत. अशा कामाला एनव्हिडियाचे कार्ड अधिक वेगवान ठरते, कारण त्या प्रकारची पुष्कळ सॉफ्टवेअर आधी त्या चिपेसाठी लिहिली गेली. ए.एम.डी.वरही ब्लेंडर चालते, वेळ जास्त लागतो. माझा नातू म्हणाला, "सावता, रोज किती तास खेळणार आणि किती तास चित्रपट करणार, एवढे विचार."

मी विचारले. उत्तर प्रामाणिक आले: शाळा चालू असताना खेळ रोज, चित्रपट सुट्टीत.

योगायोग असा की सौदी सरकारपुढेही त्याच वर्षी हाच प्रश्न होता. मे २०२५ मध्ये तेथे ह्युमेन नावाची सरकारी पैशाची कंपनी निघाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी एनव्हिडियाच्या १८,००० चिपा पहिल्या टप्प्यात घेणार आणि ए.एम.डी.बरोबर १० अब्ज डॉलरपर्यंतचा करार करणार, असे तिने एकाच आठवड्यात जाहीर केले. रियाधला दर उन्हाळ्यात संगणक-खेळांचा विश्वचषक भरू लागला आणि २०२५ मध्ये त्याची बक्षिसे ७ कोटी डॉलरवर गेली. राज्याला दोन्ही रंग परवडतात. घराला अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात.

शेवटी लाल १६ जीबी ठरले. वाचलेले ३४५ रियाल एका माणसाच्या महिन्याच्या शुल्कालाही पुरत नाहीत, पण बापाने ते चांगल्या वीजपुरवठ्याच्या पेटीला लावले. कार्ड १६० वॉट खाते, आणि जेद्द्याच्या उकाड्यात स्वस्त पेटीवर ते टाकणे बरे नव्हे. दुकानदाराला विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहायला सांगितले: हमी भारतात चालेल का, कार्डाची लांबी खोक्यात बसेल का, धूळ अडवणारी जाळी काढून धुता येते का. हमी फक्त सौदीपुरती निघाली. हे आधी कळल्यामुळे रुसवा टळला.

दोन वर्षांनी मुलगा मुंबईला जाईल तेव्हा मोठे खोके येथेच विकायचे आणि कार्ड तेवढे कपड्यांत गुंडाळून न्यायचे, असे त्याच्या आईने ठरवून टाकले आहे. आपल्या आयांनी पाट्यावरवंटा सोडून पुरणयंत्र बरोबर आणले होते, तसेच हे, असे मी मैत्रिणीला म्हटले. त्यावर तिने विचारले, "तुझा नातू सैन्यात जाईल तेव्हा त्याचं कार्ड कोण वापरणार?"

त्याचे उत्तर मी अजून पाठवलेले नाही.