अंग एक, सोंगं चार

मूठभर देह, राखाडी रंग. उजव्या अंगाला लाल, पिवळं, निळं, हिरवं अशी चार बटणं, डावीकडे फुलीच्या आकाराचा डी-पॅड, खाली दोन ॲनालॉग स्टिक. जपानात १९९० साली आलेल्या सुपर फॅमिकॉमचा कंट्रोलर ज्यांना आठवतो, त्यांना हा त्याच घराण्यातला वाटेल. स्टिक तेवढ्या पुढच्या पिढीच्या, इतकंच. पण घराणं निन्टेन्डोचं, आणि हा शेन्झेनच्या एका तिऱ्हाइताच्या कारखान्यात जन्मलेला. रूप घेतलं, आडनाव मिळालं नाही.

आमच्याकडे तो टीव्हीमागे दडवलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या सेवेत आहे. त्या पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकावर जुने खेळ चालवणारं रेट्रोपाय चढवलंय. नव्वदच्या दशकात टीव्हीला डबा जोडून ज्यांनी मारिओ आणि कॉन्ट्रा खेळला, त्यांचा सुट्टीचा दिवस पुन्हा फुकट घालवायची ही सोय. त्या काळच्या कंट्रोलरांना ओळख सांगावी लागत नसे. पोटात एक साधी चिप. आठ बटणांपैकी कोणतं दाबलंय, एवढंच ती ओळीने कळवायची. कंट्रोलर असली आहे की नकली, हे डब्याला कळायचा मार्गच नव्हता. यूएसबी आणि ब्लूटूथ आले आणि दारावर नाव विचारायची पद्धत पडली. आत येणाऱ्याने दोन क्रमांक सांगायचे, कंपनीचा आणि वस्तूचा. त्यावरून पुढचं आदरातिथ्य ठरतं.

मोठ्या घरच्यांना याची अडचण नाही. या बिननावाच्यापुढे मात्र एकच वाट उरली आणि ती त्याने झकास शिकून घेतली. तो बहुरूपी झाला. स्टार्टसोबत एक्स दाबून उठवलात, तर तो विंडोजवाल्यांचा. वाय दाबलात तर निन्टेन्डो स्विचचा, ए दाबलात तर मॅकचा आणि बी दाबलात तर अँड्रॉइडचा. कोणतं सोंग चालू आहे, ते खालच्या दिव्यांवरून कळतं. बीला एक लुकलुकतो, एक्सला दोन, एला तीन. वायच्या वेळी दिवे डावीकडून उजवीकडे धावतात. गावात इन्स्पेक्टर बनून येणारा बहुरूपी दरडावून झालं की हसतो आणि हात पुढे करतो. हा पठ्ठ्या शेवटपर्यंत हसत नाही.

सोंग इतकं चोख, की पायच्या टर्मिनलवर एलएसयूएसबी लिहून पाहावं. एक्सच्या सोंगात, वायरीने जोडलेला असताना, तो स्वतःचा क्रमांक ०४५ई:०२८ई असा सांगतो. ०४५ई म्हणजे मायक्रोसॉफ्ट, ०२८ई म्हणजे एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर. लिनक्समधल्या एक्सपॅड ड्रायव्हरला हा क्रमांक तोंडपाठ. पुढची चौकशी नाही, थेट आत. वायच्या सोंगात तो ०५७ई:२००९ होतो, म्हणजे निन्टेन्डोचा प्रो कंट्रोलर. बी दाबून उठवला, तरच तो शेन्झेनचं खरं नाव सांगतो. आणि नेमकं तेव्हाच त्याला कुणी ओळखत नाही. साधा गेमपॅड म्हणून आत घेतात. कोणतं बटण कशासाठी, हे आपण एकेक दाबून शिकवायचं.

त्याच्याविषयीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. काल नीट चालत होता, आज कारंज्यासारखा उड्या मारतोय, डी-पॅड मेला, सिलेक्ट-स्टार्ट दाबूनही खेळातून बाहेर पडता येत नाही, असं भाचा ओरडत येतो. कंट्रोलर बिघडलेला नसतो. कुणीतरी तो वेगळं बटण धरून उठवलेला असतो. रेट्रोपाय आपली शिकवणी सांगितलेल्या नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. नाव बदललं की त्याच्या लेखी माणूस नवा, मग कालचं शिकवलेलं शून्य. वायरीने आला तर एक नाव, ब्लूटूथने आला तर दुसरं, असंही होतं. भरीला मोठ्या घराण्यांचं जुनं भांडण. निन्टेन्डोने ए उजवीकडे आणि बी खाली ठेवलं. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या एक्सबॉक्सवर ए खाली आणि बी उजवीकडे. त्यामुळे एक्सच्या सोंगात याच्या अंगावर बी छापलेलं बटण पडद्यावर ए ठरतं. अंग एकाचं, बोली दुसऱ्याची.

काही आळ मात्र त्याच्यावर उगाच येतात. चार्ज होतो पण एलएसयूएसबीत दिसत नाही, याचा अर्थ जुन्या चार्जरची केबल नुसती वीज वाहते, तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. ब्लूटूथवर एकदा जोडला आणि पाय पुन्हा सुरू केल्यावर दारातच अडला, तर पेअर केलंय पण ट्रस्ट करायचं राहिलंय. ब्लूटूथसीटीएलमध्ये या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. मध्येच बटणं अडखळतात तेव्हा पायच्या निळ्या पोर्टांकडे बघावं. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिसळतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे, आणि याचा बिनतारी कारभार त्याच पट्ट्यात चालतो. गेमांची हार्ड डिस्क त्या पोर्टात आणि ब्लूटूथचा डाँगल तिच्या मांडीला मांडी लावून, असं असेल तर डाँगलला हातभर एक्स्टेन्शन केबल द्यावी. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकत असेल, तर पायलाच पुरेशी वीज मिळत नाहीये. आधी ॲडॉप्टर बदलावा, मग पाहुण्याला बोलावं.

हे सगळं वगळून उरलेला संशय जेएसटेस्ट फेडतं. हे साधंसं साधन बटण दाबलं की त्याचा क्रमांक दाखवतं, बाकी मत देत नाही. तिथे आकडा हलला, की कंट्रोलर निर्दोष, गुंता फाईलमध्ये. हलला नाही, तर मात्र पेचकस शोधावा.

सोंगांबद्दल त्याला दूषण द्यायचं माझ्या मनात येत नाही. खरं नाव सांगणाऱ्याला दारात उभं करायचं आणि ०४५ई म्हणणाऱ्याला पानावर बसवायचं, हा नियम त्याने केलेला नाही. शिवाय विद्या त्याने आपल्याचसाठी कमावली. एकाच घरचे कंट्रोलर घर बदललं की बरेचदा अवघडतात. हा फोनवर, संगणकावर, स्विचवर, कुठेही रमतो.

तरी आमच्या घरात मी त्याला बीवर ठेवलंय. कारण भाच्याकडे खरा ३६० चा कंट्रोलर आहे. दोघांनीही तेच नाव सांगितलं, की रेट्रोपाय दोघांना एकच फाईल देतं. भाच्याने ए-बी आपल्या सोयीने लावले की याचे उलटतात, आणि मी निस्तरले की भाचा रुसतो. बीवर सुरुवातीला एकेक बटण शिकवायचे कष्ट पडले खरे, पण रेट्रोपायच्या फोल्डरमध्ये आता याची स्वतंत्र फाईल आहे आणि तिच्यावर शेन्झेनच्या कारखान्याने दिलेलं नाव आहे. पाठीवर ‘स्टार्ट + बी’ अशी चिकटपट्टी लावली आहे. बाहेर जाऊन त्याने हवी ती सोंगं करावीत. या टीव्हीपुढे बसायचं तर स्वतःच्या नावाने.