पांगरा शिंदेचा आवाज

फाल्गुनात वसमतला आलात तर गाव नाकानेच ओळखाल. शिवारात हळद शिजत असते, खळ्यावर वाळत असते, मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षी, याच दिवसांत, २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर या भागाला दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा, दहा-अकरा मिनिटांनी दुसरा ३.६ चा. पुढे १० जुलैला पुन्हा सकाळीच ४.५ चा. हिंगोली, नांदेड, परभणीकडची माणसे घराबाहेर धावली.

तालुक्यातल्या पांगरा शिंदेकरांना याचे फारसे नवल वाटले नसेल. त्यांच्या गावात कित्येक वर्षे जमिनीतून आवाज येतात. विहिरीत सुरुंग उडावा तसा दणका, भांडी खणखणतात, की पुन्हा सारे शांत. पण एवढासा धक्का लांबच्या यंत्रावर उमटतच नाही. मग ज्याने ऐकला तोच खोटा ठरतो. शहाण्या माणसांनी हसण्यावारी न्यावे असे हे दुखणे नव्हे.

लांबच्या यंत्राची अडचण काय, ते पाहा. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. भूकंपातही दोन लाटा निघतात, एक चपळ, एक मंद. दोघींच्या येण्यात एका सेकंदाचे अंतर पडले, तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर झाला असे समजावे. पण कोणत्या दिशेला? खुंटीला बांधलेला बैल दावणीच्या लांबीवर कुठेही असू शकतो, तसेच हे. तीन खुंट्यांची वर्तुळे जिथे मिळतात, ती जागा. खोली मात्र याहून अवघड. यंत्र जवळजवळ डोक्यावर असेल तरच ती नेमकी कळते. बातमीत ‘खोली १० किलोमीटर’ असे वाचता ना? पुष्कळदा तो आकडा मोजलेला नसतो, धरलेला असतो.

म्हणून यंत्रे दाट मांडावी लागतात. शेजारच्या नांदेडात २००७ च्या सुमारास असेच धक्के सुरू झाले, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने शहराभोवती यंत्रे बसवली. धक्के वरच्यावरच, थोड्याच किलोमीटरांत होत असल्याचे त्यांतून दिसले. उथळ धक्का लहान असला तरी आवाज मोठा करतो.

वरून पाहावे तर वसमतचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातला, सपाट, काळ्या मातीचा. पण मातीखाली काळा पाषाण आणि त्याखाली फार जुना खडक. किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतले, तेव्हा काळा पाषाण ३३८ मीटर जाड निघाला; भेगा त्याच्याखाली, डोळ्यांआड. डोंगरी मुलखात कोयनेला १९६७ च्या भूकंपानंतर यंत्रे वाढत गेली. पुढे तर हजार-दीड हजार मीटर खोल बोअरात यंत्रे उतरवली, कारण तिथे वरचा गोंगाट पोचत नाही. जपानने १९९५ च्या कोबे भूकंपानंतर देशभर सुमारे आठशे ठिकाणी अशी यंत्रे बसवली.

वसमतकडे यंत्र मांडायचे तर ते काळ्या मातीत चालत नाही, खडक लागतो. मोटारपंप आणि रस्ता दूर हवा, नाहीतर ट्रॅक्टरच भूकंप होऊन बसतो. म्हणजे कुणाचा तरी बांध, कुणाच्या तरी शाळेचा कोपरा मागावा लागतो. तुमच्याकडे असे कुणी आले, तर हुसकावू नका. मात्र धक्का कधी येणार, हे त्या माणसाला विचारू नका. ते जगात कुणालाच सांगता येत नाही. भेग कुठे आहे, किती खोल आहे, कोणत्या गावाखालून जाते, एवढे ते यंत्र सांगेल, आणि त्यावरून घर कुठे व कसे बांधावे ते ठरवता येईल.

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसे मेली ती दगडमातीच्या भिंती आणि जड धाब्यांखाली. २०२४ च्या मार्चमध्ये नांदेडच्या प्रशासनाने पत्र्यावर ठेवलेले दगड काढायला सांगितले होते. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून आपण ते ठेवतो, आणि खाली पोरे झोपतात. तुमच्या पत्र्यावर असतील तर उद्या उतरवा, आणि पत्रा हुकांनी वाशाला आवळून घ्या.