बातिन्योलच्या रुळांकांठीं

पॅरिसला जाणारे आपले लोक बहुधा आयफेलचा मनोरा व लूव्रमधील चित्रें पाहून परततात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. आम्हीं उभयतांनींहि तेंच केलें. परंतु चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं मुक्काम लांबल्यामुळें प्रवासवर्णनांत सहसा न आढळणारें एक ठिकाण पाहावयास मिळालें. तें म्हणजे शहराच्या वायव्येकडील बातिन्योल.

सँ-लाझार स्थानकावरून निघालेली लोकल पहिल्याच थांब्यावर, पाँ-कार्दिने येथें, आपणांस उतरविते. एका बाजूस रुळांचें जाळें, दुसऱ्या बाजूस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नांवाचें विस्तीर्ण उद्यान, आणि त्यापलीकडे १६० मीटर उंचीचें नवें न्यायमंदिर. उद्यानाच्या जागीं पूर्वीं रेल्वेचा मालधक्का होता. २००७ पासून टप्प्याटप्प्यानें तेथें झाडें व तळीं आलीं. वाफेच्या इंजिनांची खूणहि आतां दिसत नाहीं. याच परिसरांतील इंजिनांच्या तळावर १९४८ च्या मे महिन्यांत एक गृहस्थ ध्वनिमुद्रणाची मोटार घेऊन आले, आणि इंजिनचालकांस विनवूं लागले कीं, एकानें आरंभ करावा व दुसऱ्यानें त्यास उत्तर द्यावें! जणूं सवालजबाबच.

हे गृहस्थ पियेर शेफेर. जन्म १९१० सालीं नान्सी येथें. वडील व्हायोलिनवादक, आई गायिका. परंतु शिक्षण एंजिनियरिंगचें आणि नोकरी फ्रेंच रेडिओंत. ध्वनिमुद्रणाची फीत त्यांच्या हातीं अद्याप आली नव्हती. होत्या त्या तबकड्या, आणि त्यांवर रेघ कोरणारें यंत्र.

तबकडीवरील रेघ म्हणजे वस्तुतः कडेपासून मध्याकडे जाणारी एकच वळणावळणाची वाट. शेफेर यांनीं ती वाट जागच्या जागीं मिटविली. रेघेचें टोंक तिच्याच आरंभास जोडलें. सुई मग त्याच कड्यांत फिरत राही. मिनिटास ७८ फेरे, म्हणजे एका फेऱ्यास पाऊण सेकंदाहून किंचित् अधिक. तेवढाच ध्वनि पुनःपुन्हां. ज्यांच्या घरीं चावीचा फोनो होता त्यांस हा प्रकार अपरिचित नाहीं. तबकडीवर चरा पडला कीं गवई एकाच अक्षरावर अडकत, आणि कोणी तरी धांवत जाऊन सुई उचलीत असे. सारें जग जेथून सुई उचलतें तेथेंच हा मनुष्य कान देऊन बसला.

त्यांत त्यांस काय सांपडलें? शाळेंत आम्ही मुलांकडून ‘रामः रामौ रामाः’ घोकून घेत असूं. विसाव्या आवर्तनास राम कोण हें कोणाच्या ध्यानींहि नसे. उरे तो निव्वळ नाद. शेफेर यांचा अनुभव याच जातीचा. एकदां ऐकलेली शीळ ‘गाडी निघाली’ एवढेंच सांगते. तीच कड्यांत फिरूं लागली कीं गाडीचा विसर पडतो, आणि शिळेचा चढ, तिचा खरखरीतपणा, तिचें ओसरणें कानांत भरतें. घंटानादांतील आरंभींचा टोला त्यांनीं गाळून पाहिला, तों उरलेला नाद घंटेचा वाटेनाच! अर्थापासून ध्वनि सोडवून पाहण्याची ही हौस आमच्या वैयाकरणांस खचित आवडली असती.

अनेक तबकड्या एकदम चालवून, कांहींची गति पालटून, त्यांनीं आगगाडीची जी सुमारें तीन मिनिटांची रचना सिद्ध केली ती ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं रेडिओवर ऐकविली गेली. कार्यक्रमाचें नांवच ‘गोंगाटांचा जलसा’! उद्यानांतील बाकावर बसून चिरंजीवांच्या मोबाइलवर आम्हीं ती ऐकली. पहिल्या खेपेस कपाळास आठ्या पडल्या. तिसऱ्या खेपेस चाकांच्या खडखडाटांत ठेका जाणवूं लागला. तथापि तिला संगीत म्हणावयास जीभ कचरते.

आश्चर्य हें कीं, खुद्द शेफेरहि अखेर तेंच म्हणाले. पंचाहत्तरी गांठल्यावर, १९८६ सालच्या एका मुलाखतींत, सप्तकाबाहेर संगीत संभवत नाहीं व आपले आयुष्य वायां गेलें, असा निवाडा त्यांनीं स्वतःवर दिला. १९९५ सालीं ते वारले. जन्मभर एकच विषय शिकविलेल्या मनुष्यानें हें वाचावें आणि अस्वस्थ होऊं नये, हें शक्य नाहीं. आम्हांस तो निवाडा फार कठोर वाटतो. संगीताविषयीं तो खरा असेल. पण ऐकावयास शिकविणें हें वायां कसें? शिवाय त्यांनीं उघडलेली वाट बुजली नाहीं. १९९३ सालीं लंडनमध्यें फिलिप जेक व लोल सार्जंट यांनीं जुने १८० फोनो मांडून ‘विनाइल रेक्विएम’ उभें केलें, तें याच वाटेवर.

उद्यानावरून जाणाऱ्या कार्दिने रस्त्यानें पाव तास चाललें कीं मालझेर्ब हमरस्त्याशीं एकोल नॉर्माल द म्युझिक ही संगीतशाळा लागते. १८ मार्च १९५० रोजीं शेफेर व त्यांचे तरुण सहकारी पियेर आंरी यांनीं आपली ‘एकाकी माणसाची सिंफनी’ येथें तबकड्या व कर्णे यांच्या साह्यानें श्रोत्यांपुढें सादर केली. आम्ही पोहोंचलों तेव्हां वरच्या खिडकींतून कोणी विद्यार्थी पियानोवर चार सुरांचा एकच तुकडा घोकीत होता. “अहो, याची सुई अडकली वाटतें,” कुटुंब म्हणालें, आणि चालूं लागलें. आम्हीं हातानें थांबण्याची खूण केली. आठव्या कीं नवव्या आवर्तनास त्यानें पांचवा सूर लावला.