गाव सापडेपर्यंत

नगरच्या सावेडीत रस्त्यावरचं भांडण फार वेळ टिकत नाही. टिकलंच, तर समजायचं की दोघांपैकी एकाचं गाव आपल्या जिल्ह्यात नाही.

संध्याकाळी पाइपलाइन रोडला उभं राहून बघा. भाजीच्या हातगाड्या, क्लास सुटलेली पोरं, गाडीवर बसल्या बसल्या मेथीचा भाव करणाऱ्या बाया. कुणाची तरी मोटारसायकल कुणाच्या तरी स्कुटीला घासते. "डोळे फुटले का?" "रस्ता काय तुझ्या बापाचा?" ही सुरुवात ठरलेली. दोघं गाड्या स्टँडवर लावतात, म्हणजे आता निवांत भांडणार. एवढ्यात कोथिंबिरीची पिशवी सांभाळत कुणी पन्नाशीचे काका मध्ये पडतात. "जाऊ द्या ना भाऊ. कुठले तुम्ही?" "पाथर्डी." "पाथर्डीत कुठं?" "मिरी." मग दुसऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही?" तो अजून तणतणत असतो, पण उत्तर देतो, "शेवगाव. मामाचं गाव मिरी." संपलं. "मामा कोण?" इथपर्यंत गोष्ट गेली की घासलेल्या पत्र्याकडे कुणी बघत नाही. मी हे नाटक इतक्यांदा पाहिलंय, की काका पुढे सरसावले की भाजीवालीकडे वळून कांद्याचा भाव विचारते. पुढचे संवाद पाठ आहेत.

याला कारण आहे. गुलमोहर रोड, प्रोफेसर कॉलनी, भिस्तबागच्या अलीकडच्या-पलीकडच्या कॉलन्या, इथे राहणाऱ्यांतला बहुतेक माणूस मूळचा इथला नाहीच. कुणी मास्तर म्हणून आलं, कुणी बँकेत, कुणी एसटीत, कुणी फौजेतून निवृत्त होऊन प्लॉट घेतला, कुणी पोरांच्या शाळेसाठी पारनेर नाहीतर जामखेड सोडलं. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, 14 तालुके. आता नाव अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दोन माणसांचा कुठे ना कुठे पाहुणा निघतोच. नाही निघाला तर एखादा साखर कारखाना तरी सामाईक निघतो.

अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायची सवय तर या शहराला फार जुनी. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला गेली, लक्ष्मण केवटे तिचे वाहक होते. त्या पहिल्या फेरीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली असेल का, असं मला नेहमी वाटतं. रुमालाचा तो कायदा कुठे लिहिलेला नाही, पण माळीवाडा स्टँडवर तो चालतो. धक्काबुक्की करून, कोपरानं वाट काढून आत घुसलेला गडीसुद्धा सीटवर कुणाचा मळका रुमाल दिसला की मुकाट्यानं मागच्या बाकाकडे जातो. दारात अजिबात सभ्यता नाही आणि आत ती एका चौकोनी फडक्यापुढे मान तुकवते. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा मात्र काही दिवस वेगळं ऐकू यायचं. "अर्ध्या तिकिटात पूर्ण सीट पाहिजे यांना!" एकदा पुण्याच्या गाडीत मला उद्देशून कुणीतरी असं म्हणालं. मी काही बोलायच्या आधी मागून एका म्हाताऱ्या बाबांचा आवाज आला, "माझं तर तिकीटच नाही बाबा, मी कुठं बसू?" पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट असतो. सगळी गाडी हसली आणि तो गृहस्थ खिडकीबाहेर बघत बसला.

जिथे माणूस दिसतच नाही, तिथे हा सगळा कारभार बंद पडतो. आमच्या फाटकासमोर कुणीतरी गाडी लावून जातं. काचेवर फोन नंबर नाही. आता गाव विचारायचं कुणाला? गाडीची पाटी बघायची, एवढंच हातात. एमएच 16 असली तर यजमान निम्मं ओरडतात, एमएच 12 असली तर सगळ्या पुण्याचा उद्धार होतो. हॉर्नचंही तसंच. रिक्षात शेजारच्या बाईच्या पोराला न सांगता मांडीवर घेणारा माणूस मोटारसायकलवर बसला, की सिग्नल सुटायच्या आत पुढच्याच्या पाठीवर हॉर्न वाजवतो. पाठीला काय गाव असतं?

आणि नुसता चेहरा दिसूनही भागत नाही. सदाशिव अमरापूरकर आमच्या नगरचे. पडद्यावरचा त्यांचा चेहरा सगळ्या देशाला ओळखीचा. मार्च 2013 मध्ये राज्यात दुष्काळ होता, जनावरं छावणीत होती, आणि मुंबईत वर्सोव्याला होळीच्या रेन डान्समध्ये पाणी उधळलं जात होतं. साठी ओलांडलेला हा माणूस ते थांबवा म्हणायला गेला, तर त्याला धक्काबुक्की झाली. ती बातमी वाचून आमच्याकडे लोक फार चिडले होते. मला तेव्हाही वाटलं आणि अजून वाटतं, की त्या घोळक्यात टँकरची वाट बघितलेला एखादा जरी असता, तरी वेगळं झालं असतं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावातला माणूस अशा वेळी काय बोलत असतो, ते त्याला कळलं असतं.

तर आमची सभ्यता ही अशी. गाव सापडलं की ती भरभरून वाहते. पण ज्याचं गाव सापडण्याजोगं नाही, त्याचं काय? नागापूर एमआयडीसीत काम करणारी, आमच्या सावेडीतल्या इमारतींना रंग देणारी, फरशी बसवणारी कितीतरी पोरं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. त्यांच्याशी बोलताना आमचा आवाज बदलतो. भाषा हिंदी होते आणि सुरुवात 'ए'नं होते. बाहेरच्या माणसाचं आम्हाला वावडं आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. जानेवारीच्या अखेरीला मेहेरबाबांच्या अमरतिथीसाठी अरणगावला, मेहेराबादला परदेशातून माणसं येतात. त्यातलं कुणी रिक्षात चढलं, तर त्याला कडेची हवेशीर जागा मिळते आणि उतरताना रिक्षावालासुद्धा "जय बाबा" म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात दिल्ली गेटवरून भिस्तबागच्या शेअर रिक्षात बसले होते. मागे आम्ही चौघं, "एक पुढं, एक मागं बसा" या हुकुमाप्रमाणे. माझ्या शेजारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ, त्यांच्या पलीकडे पायाशी रंगाची बादली घेतलेला विशीतला पोरगा, केसांत सगळी पुट्टी. "ए, बाल्टी उधर ले. कपडे खराब करेगा क्या?" गृहस्थांनी एवढं दोनदा ऐकवलं. पोरानं बादली पायात आणखी घट्ट धरली. मीही काही बोलले नाही, माझीसुद्धा साडी फिकीच होती.

प्रेमदान चौकात एक आजी चढायला आल्या. जागा नव्हती. कुणी काही म्हणायच्या आत तो पोरगा उतरला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकून बसला. बादली मागेच राहिली. आजी बसल्या, पदर सावरला, दम घेतला आणि पहिला प्रश्न टाकला, "कुठला रे तू बाळा?"

"देवरिया."

"देवळाली? प्रवरेची? अगं बाई! माझी धाकटी नणंद देवळालीलाच दिलीय की!"

पोराला काय कळलं कोण जाणे. त्यानं मागं वळून हसत मान डोलावली, "हां, माँजी." ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघून हसला. आम्हा सगळ्यांना देवरिया कुठे ते माहीत होतं, पण आजींना कुणीच सांगितलं नाही. आजी नणंदेच्या उसाचं, राहुरीच्या बाजाराचं, यंदाच्या पावसाचं सांगत राहिल्या आणि तो दर वाक्याला "हां, हां" म्हणत राहिला. प्रोफेसर कॉलनीच्या पुढे गतिरोधक आला. बादली कलंडायला लागली, तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या गृहस्थांनीच वाकून तिची कडी धरली आणि मग भिस्तबागपर्यंत सोडली नाही.

चौकात पोरगा उतरला, पैसे दिले आणि घाईघाईनं चालू लागला. गृहस्थांनी रिक्षातून डोकं बाहेर काढून हाक मारली.

"ओ देवळाली! बादली राहिली ना तुमची!"