सत्तावीस छायाचित्रांचा समुद्र

इतिहासाच्या अध्यापकाला साधनांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. ताम्रपट असो, पत्र असो वा छायाचित्र. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी घडविले, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षे विचारीत आलो. या प्रश्नाचा सर्वांत बोलका पाठ मात्र आम्हांस एका स्वस्त, प्लास्टिकच्या कॅमेऱ्याने दिला. आपल्या शाळेच्या मालवण सहलीतील त्या पाठाची नोंद या स्मरणिकेत राहावी, एवढ्याच हेतूने हे लेखन.

पाण्याखाली छायाचित्र घेण्याची धडपड जुनी आहे. इंग्लंडमध्ये वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन यांनी १८५६ साली होडीतून कॅमेरा पाण्यात सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर पुसट चित्र उमटले. पुढे १८९३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर बान्यूल्स येथे जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतः तळाशी उतरून छायाचित्रे घेतली. त्यांची अवजड सामग्री उचलण्यासाठी माणसे लागत. १९६३ साली पाण्यात चालणारा ‘निकोनॉस’ कॅमेरा बाजारात आला. पण तो सामान्यांच्या खिशाबाहेरचा होता. फुजीफिल्मने १९८६ साली ‘क्विकस्नॅप’ हा एकदाच वापरावयाचा कॅमेरा काढला आणि अशा साध्या कॅमेऱ्यांना पारदर्शक जलरोधक कवच मिळाले, तेव्हा कोठे हे कौतुक शाळकरी हातांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने असाच एक कॅमेरा शाळेस भेट दिला. आत ८०० संवेदनक्षमतेची रंगीत फिल्म, सत्तावीस छायाचित्रे, दहा मीटर खोलीपर्यंत सुरक्षित. फ्लॅश नाही, भिंग पुढेमागे होत नाही. मोठे चाक फिरवावयाचे, खटका दाबावयाचा, एवढेच काम. वरचा आकडा उलटा मोजतो : सत्तावीस, सव्वीस, पंचवीस.

सहलीस चोवीस मुले-मुली होती. बहुतेक दुष्काळी पट्ट्यातील. टँकर आला की हंडे मोजून पाणी भरणाऱ्या घरांतील. समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, पोहणे तर दूरच. कित्येकांच्या घरी ओळखपत्रावरील छायाचित्राखेरीज त्यांचे दुसरे छायाचित्र नव्हते. साहजिकच सत्तावीस छायाचित्रे कशाची घ्यावयाची, यावर आदल्या रात्री वाद झाला. काही सहकाऱ्यांच्या मते ती मासे आणि प्रवाळ यांचीच असावीत. विज्ञानाच्या तासाला उपयोग होईल. मुलांनी ऐकून घेतले. मग एका मुलाने विचारले, “सर, मासे पुस्तकात आहेत. आम्ही कुठे आहोत?” वाद तेथेच मिटला. प्रत्येकाचे एक छायाचित्र, उरलेली तीन समुद्राची. आणि प्रत्येकाने आपल्यापुढच्याचे छायाचित्र घ्यावयाचे, म्हणजे खटका दाबण्याचा मानही प्रत्येकास मिळेल.

त्या रात्री आम्ही फळ्यावाचून तास घेतला. पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो. जसजसे खोल जावे, तसतसे सारे निळे-हिरवे होत जाते. म्हणून पृष्ठभागाजवळ राहावयाचे, ऊन डोक्यावर असताना उतरावयाचे, सूर्य पाठीशी ठेवावयाचा. मीटरभरापेक्षा जवळ गेल्यास चित्र धूसर येते आणि फार दूर राहिल्यास मधल्या पाण्याचा गढूळपणाच तेवढा उमटतो. पाण्यात वस्तू पाव हिश्श्याने जवळ भासते. पण भिंगालाही ती तशीच दिसते, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबावे. कवचाच्या काचेवर हवेचे बुडबुडे चिकटतात, ते पाण्यातच अंगठ्याने पुसावेत. प्रवाळास हात लावू नये, त्यावर उभे राहू नये.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या उथळ पाण्यात, जीवरक्षक जाकीट आणि डोळ्यांवर मुखवटा चढवून, चार-चारच्या गटाने मुले उतरली. प्रत्येक गटासोबत स्थानिक प्रशिक्षक होते. पहिल्या गटातील एका मुलीने होडीची कड काही केल्या सोडली नाही. पण तिच्यापुढच्या मुलाचे छायाचित्र तिच्याच हातून व्हावयाचे होते. तो पाण्यात वाट पाहत होता. अखेर तिने कड सोडली, तोंड पाण्याखाली घातले आणि खटका दाबला. भीती संपली होती असे नव्हे. जबाबदारी तिच्याहून मोठी ठरली होती.

फिल्म धुण्यासाठी पुण्यास पाठवावी लागली. अशा कॅमेऱ्याचे कवच तेथेच उघडले जाते; परत येतात त्या फिल्म आणि प्रती. तीन आठवडे मुले रोज टपालाची चौकशी करीत होती. पाकीट आले. पट्टेरी माशांचा थवा सुरेख आला होता, मुखवट्याआडचे हसरे डोळे आले होते. पण तीन मुलांची छायाचित्रे वाळूच्या गढूळपणात हरवली होती. दोघे इतरांच्या छायाचित्रांत मागे, कडेला सापडले. तिसरी कोठेच नव्हती. होडीची कड न सोडणारी ती हीच मुलगी. आणि तिने टिपलेले छायाचित्र सत्तावीसांत सर्वांत स्वच्छ होते.

ती गप्प बसली होती. आम्ही वर्गात तिला बुताँ यांच्याविषयी सांगितले. १८९९ साली त्यांनी पाण्याखाली उभ्या असलेल्या एमिल राकोवित्सा या शास्त्रज्ञाचे छायाचित्र घेतले. त्यात बुताँ दिसत नाहीत. तरीही ते पाण्यात होते, याचा त्याहून भक्कम पुरावा दुसरा कोणता? छायाचित्र पाहताना ‘यात कोण आहे’ एवढेच विचारून भागत नाही, ‘हे कोणी घेतले’ हेही विचारावे लागते. मुलांनी लगेच प्रती उलट्या केल्या आणि प्रत्येकीच्या मागे दोन नावे लिहिली : एक दिसणाऱ्याचे, एक पाहणाऱ्याचे.

त्या मुलीने आपण घेतलेल्या छायाचित्राची एक जादा प्रत मागून घेतली. सुट्टीत ती घरी नेली. परत आल्यावर तिने सांगितले की, आईने फोटोतला मुलगा कोण, हे विचारलेच नाही. तिने विचारले, “तू किती खोल होतीस?”

आता प्रत्येक खिशात मोबाईल आहे आणि चित्रांना गणती उरलेली नाही. त्यास आमचा विरोध नाही. विद्यार्थ्यांना विनंती एवढीच की, जे टिपाल त्यामागे टिपणाऱ्याचे नाव, स्थळ आणि तारीख लिहीत जा. उद्याच्या इतिहासाचे साधन त्यातूनच तयार होईल.