पाण्याची वही

आई गेल्यानंतर अण्णांनी बोलणे जवळजवळ सोडून दिले. वय ८१, मधुमेह जुना, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. रुग्णांच्या नातेवाइकांना ‘त्यांचे मन कशात तरी गुंतवा’ असे मी दवाखान्यात रोज सांगतो. स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मला काही सुचत नव्हते.

एका रविवारी शोभेच्या माशांच्या दुकानात आम्ही दोघे गेलो होतो. एका काचेपुढे अण्णा थबकले. बशीएवढा एक चपटा जीव वाळूत अंग पुरून केवळ डोळे वर काढून आमच्याकडे पाहत होता. अण्णांचे बालपण देवगडला गेले. ते म्हणाले, “अरे, हे तर पाकट! पण गोड्या पाण्यात कसे?” चार महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी ते पाकट त्याच दिवशी विकत घेतले. दुकानदार म्हणाला, “तीन फुटांची टाकी पुष्कळ झाली.” मीही अधिक चौकशी केली नाही.

नवव्या दिवशी ते मेले. आधी त्याने अन्न सोडले, मग चकतीच्या कडा वर वळू लागल्या. अण्णा रात्री खुर्ची ओढून टाकीपाशी बसून राहत. ते गेल्यावर अण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “माझ्या रक्तातली साखर तू दर आठवड्याला तपासतोस. त्याचे पाणी एकदाही तपासले नाहीस.”

हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. त्यानंतर मी वाचायला घेतले. आमचे पाकट ‘मोटोरो’ जातीचे होते; ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतले. समुद्रातली पाकटे आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात. नदीतल्या या कुळाने ती क्षमता गमावली आहे. त्यांच्या शरीरातला नत्रयुक्त कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपाने थेट पाण्यात उतरतो. नदी तो वाहून नेते, काचेची टाकी नेत नाही. टाकीत हे काम जिवाणू करतात: अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू गाळणीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमची टाकी भरून दोनच दिवस झाले होते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला काय होते हे तीस वर्षे पाहिलेल्या माणसाने, एका जिवाला त्याच्याच उत्सर्गात कोंडून ठेवले होते.

पुन्हा पाकट आणायचे की नाही, हा निर्णय मी अण्णांवर सोडला. “आणू,” ते म्हणाले, “पण आधी घर, मग पाहुणा.”

प्रौढ मोटोरोची चकती अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकते आणि त्याला वळायला जागा लागते. म्हणून टाकीची उंची नव्हे, तळ महत्त्वाचा. आम्ही ७ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट उंच टाकी बनवून घेतली. काठोकाठ भरल्यास तिच्यात सुमारे ११९० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन टनाहून अधिक. आम्ही तळमजल्यावर राहतो म्हणूनच हे शक्य झाले; वरच्या मजल्यावर असतो तर स्थापत्य अभियंत्याला विचारल्यावाचून मी धजलो नसतो. तळाशी बारीक, मऊ वाळू घातली, टोकदार दगड एकही ठेवला नाही. हीटरला जाळी बसवली, कारण पाकट त्याला चिकटून बसते आणि भाजते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवल्याशिवाय ते टाकीत सोडायचे नाही आणि तांबेयुक्त औषध कधीही वापरायचे नाही, हेही पक्के केले.

मग सहा आठवडे आम्ही रिकाम्या टाकीकडे पाहत बसलो. अण्णांनी एक वही आखली. तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. रोज सकाळी चहानंतर परीक्षानळीत थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा, वहीत लिहायचे. निवृत्त गणित शिक्षकाचे अक्षर पुन्हा सरळ रेषेत येऊ लागले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन स्थिरावले, तेव्हा त्यांनी त्या ओळीखाली लाल शाईने दुहेरी रेघ मारली. दुसरे पाकट त्यानंतर आले.

येथे वाचकांना डॉक्टर म्हणून सांगायचे आहे. पाकटाच्या शेपटीवर करवतीसारखा दातेरी, विषारी काटा असतो. ते आपणहून अंगावर येत नाही. दबले किंवा घाबरले तर शेपूट फिरवते. २०१३ साली गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना समुद्री पाकटांचे काटे लागले होते, ते अनेकांना आठवत असेल. ज्यांची त्वचा नाजूक, दृष्टी अधू, रक्त पातळ, जखम भरण्यास उशीर, अशांनी या टाकीत हात घालूच नये. रबरी हातमोज्याने काटा अडत नाही. अण्णा लांब चिमट्याने कोळंबी देतात, हात काचेबाहेरच असतो. पाणी बदलणे माझे काम. बादल्या उचलून ज्येष्ठांनी कंबर धरून घेऊ नये, आणि सांडलेले पाणी तत्क्षणी पुसावे. काट्यापेक्षा ओली फरशी अधिक घात करते.

गेल्या वर्षी नियम मीच मोडला. घाईत, एकटाच वाळू साफ करत होतो. तर्जनीच्या मुळाशी काटा शिरून निघाला आणि वेदना खांद्यापर्यंत चढली. भिंतीवर प्रथमोपचाराचा कागद मीच चिकटवला होता, पण त्या क्षणी मला काही आठवेना. अण्णांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला: “जखम धुवा. गरम पाण्यात बुडवा.” त्यांनी पातेल्यात पाणी गरम करायला लावले, टाकीचा सुटा तापमापक त्यात धरला आणि म्हणाले, “त्रेचाळीस. आता घाल हात.”

हे विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून सोसवेल इतके गरम, पण ४५ अंश सेल्सियसपेक्षा जास्त नाही, अशा पाण्यात तो भाग ३० ते ९० मिनिटे ठेवतात. मधुमेहाने ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना भाजलेले कळत नाही, म्हणून पाणी नेहमी दुसऱ्याने किंवा तापमापकाने तपासावे. आवळपट्टी बांधू नये. काटा खोल रुतला असेल तर ओढू नये; छाती, पोट किंवा मानेवर लागला असेल तर थेट रुग्णालय गाठावे. वेदना थांबली तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण तुकडा आत राहू शकतो, जखम चिघळू शकते आणि धनुर्वाताची लसही पाहावी लागते. माझी जखम भरायला पाच आठवडे लागले.

कोणी विचारले की आम्हीही पाळावे का, तर बहुतेकांना मी नको म्हणतो. गप्पी पाळावेत, मन त्यांतही रमते. पाकट नीट सांभाळले तर पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकते. शिवाय काही जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे, आणि अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी आपल्या कायद्याने आवश्यक केली आहे. घेण्यापूर्वी कागद पाहावेत. अण्णांनी हा हिशेब केव्हाच केला होता. “माझ्यामागे याचे पाणी कोण पाहणार?” असे त्यांनी आणण्याआधीच विचारले होते आणि माझ्याकडून शब्द घेतला होता.

यंदाच्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे ते अकरा दिवस रुग्णालयात होते. रोज संध्याकाळी भेटायला गेलो की माझ्या तोंडाकडे न पाहता विचारत, “शून्य ना?” घरी आले त्या दुपारी, अंगात बळ नसताना, त्यांनी वही मागवली. चष्मा पुसला, बोटाने एकेक ओळ खाली सरकवत गेले आणि थांबले.

“मंगळवारचे नायट्राइट लिहिले नाहीस.”

मी परीक्षानळ्या आणायला उठलो.