तपास संपल्यानंतर

अमेरिकन पोलिसी चित्रपट पाहण्याची मला आवड आहे, असे म्हटले की आमच्या शिक्षकखोलीत थोडी चुळबूळ होते. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुख्याध्यापकाने फावल्या वेळात संतवाङ्मय वाचावे, फार तर नाट्यसंगीत ऐकावे, एफ.बी.आय.च्या माणसांमागे त्याने कशाला धावावे? पण हा नाद मला तरुणपणीच लागला आणि केस पांढरे झाले तरी सुटला नाही.

या चित्रपटांचा साचा ठरलेला असतो. एक लहानसे गाव. तिथे काहीतरी अघोर घडलेले. गावचा पोलीस एकतर भ्यालेला, नाहीतर गुन्ह्यात सामील. मग वॉशिंग्टनहून काळ्या सुटातली दोन माणसे येतात आणि गाव दारे लावून घेते. पाहुण्याचे बोलणे वेगळे, चालणे वेगळे. त्याला कुणी काही सांगत नाही. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. परक्या अधिकाऱ्यापुढे दोन्ही भाषा येणारा माणूस दोन्ही भाषांत गप्प कसा बसतो, हे आपण पाहिलेले आहे.

त्यातून संघराज्याची अडचण असते. खून हा तिकडे सहसा राज्याच्या कायद्याचा विषय. केंद्राच्या माणसाला आत शिरायला एखादी अरुंद खिडकी शोधावी लागते. अल कपोनसारखा दांडगा गुंड 1931 साली अखेर सापडला तो आयकर बुडवल्याबद्दल. आपल्या सी.बी.आय.लासुद्धा 1946 च्या कायद्याप्रमाणे एखाद्या राज्यात तपास करायचा तर, न्यायालयाचा आदेश नसेल तेव्हा, त्या राज्याची संमती लागते. म्हणजे बाहेरून आलेल्याचे हात आधीच बांधलेले. ते सोडवतो तो गावातलाच कुणीतरी, जो तोंड उघडतो.

ब्रायन डी पाल्माच्या ‘द अनटचेबल्स’ या 1987 च्या चित्रपटात रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर मोठा गोळीबार आहे. लहान मुलाची ढकलगाडी पायऱ्यांवरून घरंगळते आणि आपला श्वास अडकतो. पण तो सारा गोळीबार कशासाठी? कपोनच्या हिशेबनिसाला जिवंत हाती धरण्यासाठी. तो बोलला तरच खटला उभा राहणार. बंदुका सगळ्या नायकाकडे, पण खटल्याची किल्ली एका घाबरलेल्या कारकुनाकडे!

याहून मनात रुतून बसला तो ॲलन पार्करचा 1988 चा ‘मिसिसिपी बर्निंग’. घटना खरी आहे. 21 जून 1964 रोजी मिसिसिपी राज्यातल्या नेशोबा परगण्यात जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तीन तरुण नाहीसे झाले. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून काम करणारे हे कार्यकर्ते जाळलेल्या एका चर्चची चौकशी करायला गेले होते. 4 ऑगस्टला मातीच्या एका बांधाखाली त्यांचे मृतदेह सापडले. राज्याने खुनाचा खटला भरलाच नाही. 1967 साली केंद्राने नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला चालवला. अठरा आरोपींपैकी सात दोषी ठरले, त्यांत डेप्युटी शेरीफही होता.

या चित्रपटावर टीका झाली आणि ती रास्त आहे. ज्या कृष्णवर्णीयांनी जीव धोक्यात घालून लढा दिला, ते त्यात केवळ सोसणारे दिसतात आणि पराक्रम सारा एफ.बी.आय.च्या पदरी पडतो. मृतदेहांची जागा चित्रपटात डेप्युटीची बायको सांगते, तेही काल्पनिकच. तरीही तिचा शेवटचा प्रसंग मला खरा वाटतो. नवऱ्याचा मार खाल्लेली ती बाई नासधूस झालेल्या घरात उभी आहे आणि गाव सोडणार नाही म्हणते. तपास करणारा मोटारीत बसून निघून जातो.

अशी एक बाई त्या परगण्यात खरोखरच होती. फ्लॉरेन्स मार्स तिचे नाव. ती गोरी, तिथलीच, जनावरांच्या लिलावबाजाराची मालकीण. तिने केंद्रीय ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली. कू क्लक्स क्लॅनने तिच्या बाजारावर बहिष्कार घातला आणि धंदा तिच्या हातून गेला. 1977 साली तिने या साऱ्यावर पुस्तक लिहिले. 2005 साली, त्या हत्यांना बरोबर एक्केचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, त्याच परगण्यातल्या ज्युरीने एडगर रे किलनला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. तो निकाल ऐकायला ती हयात होती.

हे वाचताना मला शेजारच्या गावातली एक स्वयंपाकीणबाई आठवते. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिथल्या शाळेत मुलांच्या दुपारच्या जेवणाचा तांदूळ परस्पर विकला जात होता. बंगळूरहून चौकशीला अधिकारी आले. मला दोन्ही भाषा येतात म्हणून दुभाष्या म्हणून बोलावले होते. गावकरी एकेक करून आत येत आणि “आम्हाला काही ठाऊक नाही” म्हणून जात. मुले जिला अक्का म्हणत ती ही बाई आली. मी तिचे बोलणे कानडीत सांगायला सरसावलो, तेव्हा ती म्हणाली, “सर, तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलं तर ते तुमचं होईल. मोडकंतोडकं का होईना, मीच सांगते.” आणि तिने पोत्यांचा हिशेब बोटांवर मोजून सांगितला.

अधिकारी संध्याकाळच्या गाडीने परत गेले. अक्का तिथेच राहिली. गिरणीत तिचे दळण मागे पडू लागले, हळदीकुंकवाचे बोलावणे थांबले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, हे चांगलेच झाले. पण बंद झालेले हळदीकुंकू कोणती योजना परत आणणार? ते गावालाच आणावे लागते. दोन संक्रांती कोरड्या गेल्या. तिसऱ्या संक्रांतीला शेजारची एक म्हातारी करंडा घेऊन आपणहून तिच्या दारी आली आणि तिच्यामागून दुसऱ्या दोघी आल्या. त्या म्हातारीची चौकशीच्या कागदांत कुठेही नोंद नाही.